चार्जच्या यादीत माणसेही असू द्या : आरोग्यमंत्री आणि आरोग्य संचालकांना खुले पत्र

प्रति,
माननीय आरोग्यमंत्री, गोवा राज्य,
आणि माननीय संचालक, आरोग्य सेवा संचालनालय, पणजी

विषय : प्राथमिक आरोग्य केंद्रातील वैद्यकीय अधिकाऱ्यांची बदली होताना संशयित कर्करुग्णांचा कार्यभारही लेखी देण्याघेण्याबाबत.

महोदय,

मी मामलेदार कचेरीतून हेड क्लार्क म्हणून निवृत्त झालो, त्याला आता नऊ वर्षे होतील. फोंडा तालुक्यातल्या एका गावात राहतो. आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात सात वर्षे काम केलेल्या डॉक्टर मॅडमच्या बदलीचा आदेश गेल्या आठवड्यात निघाला आणि गावात सह्यांचा अर्ज फिरू लागला. मी त्यावर सही केली नाही. बदल्यांचे आदेश मी आयुष्यभर टाइप केले आहेत. सात वर्षे एका जागी राहिलेल्या अधिकाऱ्याची बदली रद्द करा म्हणण्यात अर्थ नसतो, आणि त्या जिथे जाणार आहेत तिथेही आजारी पडणारी माणसेच राहतात. माझे मागणे निराळे आणि कचेरीतल्या माणसाला शोभेल असे आहे. सरकारी नोकरीत चार्ज देताघेताना जी यादी होते, तिच्यात टेबले, कपाटे, शिक्के, किल्ल्या, औषधांचा साठा, सगळे असते. रुग्ण नसतात. निदान काही रुग्ण तरी तिच्यात असावेत, एवढ्यासाठी हे पत्र.

ते का, हे सांगायला थोडे घरचे सांगावे लागेल.

२०२३ च्या सुरुवातीला मी नेहमीप्रमाणे रक्तदाबाच्या गोळ्या आणायला केंद्रात गेलो होतो. महिन्यातून एकदा जायचे, दाब मोजून घ्यायचा, गोळ्या घ्यायच्या आणि परतायचे, असा शिरस्ता. गोळ्या लिहून झाल्यावर मॅडमनी मान वर केली आणि विचारले, "काका, यंदा नाटकात दिसला नाहीत?" (बोलणे अर्थातच कोंकणीत, मी इथे मराठीत लिहितो आहे.) आमच्या देवळाच्या वार्षिक उत्सवात नाटक होते आणि त्यात वीसबावीस वर्षे मी काही ना काही भूमिका करत आलो आहे. मी म्हणालो, लांब स्वगत असले की दम पुरत नाही, आता वय झाले, पोरांना करू द्या. मला स्वतःलाही हे उत्तर अगदी पटलेले होते. मॅडमनी मात्र पेन खाली ठेवले. माझी खालची पापणी ओढून पाहिली, नखे पाहिली, देवळाच्या पायऱ्या चढताना मध्ये थांबावे लागते का ते विचारले, आणि माझ्या जुन्या कागदांचा गठ्ठा कपाटातून काढायला लावला. २०१९ मध्ये माझे हिमोग्लोबिन १४.१ होते. २०२१ मध्ये १३.२. त्या दिवशी घेतलेल्या रक्तात ते ११.४ निघाले.

हे तीन आकडे सुटेसुटे पाहिले तर त्यात फारसे काही नाही. १३.२ हा तर पुरुषाच्या प्रकृतीला साजेसाच आकडा, आणि ११.४ ला कोणीही लोहाच्या गोळ्यांची पट्टी देऊन महिनाभराने बोलावले असते. तिन्ही एकाखाली एक लिहिल्यावरच उतार दिसतो. मॅडमनी ते पाठकोऱ्या कागदावर तसे लिहून मला दाखवले आणि म्हणाल्या, "गोळ्या देईन, पण रक्त जाते कुठे ते आधी शोधूया." नंतर मला समजावून सांगितले गेले ते असे : उतारवयातल्या पुरुषाला किंवा पाळी गेलेल्या बाईला रक्तातले लोह कमी पडू लागले, तर ते आतड्यातून नकळत झिरपत नाही ना, हे पाहणे भाग असते. मोठ्या आतड्याची उजवी बाजू रुंद असते आणि तिथला मळ पातळ असतो, त्यामुळे तिथली गाठ वाढत गेली तरी वाट अडत नाही, पोट दुखत नाही आणि शौचालाही डोळ्यांना दिसेल असे रक्त पडत नाही. माणूस फक्त फिका पडतो आणि दमतो. अशा माणसाला नुसत्या लोहाच्या गोळ्या दिल्या तर आकडा थोडा वर येतो, सगळ्यांना बरे वाटते, आणि गाठ आपली वाढत राहते. शिवाय त्या गोळ्यांनी शौच काळेच होते, म्हणजे उरलीसुरली खूणही झाकली जाते.

माझी गाठ उजव्या बाजूलाच होती. दुर्बिणीने सापडली, शस्त्रक्रिया झाली, भोवतालच्या लसिकाग्रंथी स्वच्छ निघाल्या आणि केमोथेरपीची गरज पडली नाही. गेल्या उत्सवात मी पुन्हा रंगमंचावर होतो, प्रवेश एकच, पण होतो.

मॅडमनी त्या दिवशी आणखी एक प्रश्न विचारला होता. "तुमच्या ताईंना आतड्याचाच त्रास होता ना?" हे त्यांना ठाऊक होते, कारण पूर्वी कधीतरी मीच बोलता बोलता सांगितले होते आणि त्यांनी ते माझ्या कागदावर टिपून ठेवले होते.

ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी, दुसऱ्या तालुक्यात दिलेली. २०१७ मध्ये तिला शौचावाटे रक्त पडू लागले. ती जवळच्या सरकारी केंद्रात गेली, मग एका खासगी दवाखान्यात, मग पुन्हा केंद्रात. कोणते केंद्र, कोणता दवाखाना, हे मी मुद्दाम लिहीत नाही, कारण मला कोणाला पिंजऱ्यात उभे करायचे नाही. ती गेल्यानंतर तिच्या मुलाने तिच्या कागदांची पिशवी माझ्याकडे दिली. सवयीने मी ते सगळे कागद तारखेप्रमाणे जेवणाच्या टेबलावर मांडले. अकरा महिन्यांत नऊ कागद, आणि अक्षरे चार निरनिराळ्या डॉक्टरांची. नऊही कागदांवर निदान एकच : मुळव्याध. उपाय तेच : मलम, इसबगोल, कोमट पाण्यात बसणे, तिखट वर्ज्य. एकाही कागदावर आधीच्या कागदाचा उल्लेख नाही. ताई प्रत्येक डॉक्टरला पहिल्यांदाच भेटत होती, आणि तिचा आजारही.

आमच्या कचेरीत नवा कारकून आला की त्याला पहिल्या दिवशी एक गोष्ट सांगत असू, की फाईलवरचा आधीचा शेरा वाचल्याशिवाय आपला शेरा मारायचा नाही. जमिनीच्या चार मीटर तुकड्यासाठी आम्ही हे पाळत होतो.

ताईची गाठ गुदाशयात होती, इतकी खाली की हातमोजा घालून बोटाने तपासले असते तर लागली असती. अकरा महिन्यांत ती तपासणी कोणीही केली नाही. यातला अर्धा दोष ताईकडे जातो, हेही मी प्रामाणिकपणे लिहितो. तिला विचारले असते तरी तिने बहुधा नको म्हटले असते. पण तिला विचारलेच गेले नाही, आणि ती का लाजली असती हेही मी त्या खोलीत जाऊन पाहिले आहे. तपासणीचे टेबल दारासमोर, पडद्याची नळी आहे पण पडदा नाही, आणि सोबतीला उभी राहील अशी परिचारिका त्या वेळी लसीकरणात गुंतलेली. साठी ओलांडलेल्या बाईने तिथे काय सांगावे आणि पुरुष डॉक्टरने तरी काय विचारावे? शेवटी तिच्या सुनेने हट्टाने मोठ्या इस्पितळात नेले. शस्त्रक्रिया झाली, पोटाला कायमची पिशवी लागली. कोकणकन्येने रात्रभर प्रवास करून परळच्या टाटा रुग्णालयातही दोन खेपा झाल्या. ताई २०१९ च्या चतुर्थीनंतर गेली.

एकाच घरातल्या दोघांना एकाच अवयवाचा कर्करोग झाला; एकाच्या बाबतीत तो काही आठवड्यांत पकडला गेला आणि दुसरीच्या बाबतीत अकरा महिने हातातून निसटत राहिला. माझी मॅडम फार हुशार आणि ताईचे चौघे डॉक्टर निष्काळजी, असे म्हणून हे मिटवता आले असते. मला ते खरे वाटत नाही. शौचाला रक्त पडते म्हणून येणाऱ्या बहुतेकांना मुळव्याधच असते आणि डॉक्टरचे निदान शंभरातल्या बहुतांश वेळा बरोबरच ठरते. इंग्लंडसारख्या देशातही पूर्णवेळ काम करणाऱ्या कुटुंबाच्या डॉक्टरला वर्षाकाठी साधारण आठच नवे कर्करोगी भेटतात असे मानले जाते. हजारो खोकले, अपचने आणि कंबरदुख्यांच्या रांगेत ती आठ माणसे उभी असतात आणि ती दिसायला इतरांसारखीच असतात. त्यांना वेगळे काढायला वेळ लागतो, आणि सदुसष्ट देशांतल्या पाहण्या एकत्र करून २०१७ मध्ये जो अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात भारतातल्या प्राथमिक उपचाराच्या डॉक्टरला एका रुग्णासाठी मिळणारा वेळ जेमतेम दोन मिनिटांचा निघाला. स्वीडनमध्ये तो बावीस मिनिटांहून अधिक होता. दोन मिनिटांत नाटकाची चौकशी होत नाही. मॅडमना माझ्याबद्दल जे कळले, ते त्या दिवसाच्या दोन मिनिटांत कळलेले नव्हतेच. तोवरच्या वर्षांतली दोनदोन मिनिटे त्यांच्याजवळ साठली होती.

म्हणून मला ओळखीचे महत्त्व वाटते, आणि हे नुसते भाबडेपण नाही. नॉर्वेत प्रत्येक माणसाच्या नावावर ठरलेला डॉक्टर असतो. तिथल्या लाखो लोकांच्या नोंदी तपासल्यावर असे आढळले की, ज्यांचा डॉक्टर पंधरा वर्षांहून अधिक काळ तोच राहिला, त्यांच्यात मृत्यूचे प्रमाण एकाच वर्षाची ओळख असलेल्यांच्या तुलनेत सुमारे पंचवीस टक्क्यांनी कमी होते. अशा पाहणीवरून कार्यकारणभाव पक्का ठरत नाही हे मलाही कळते, आणि नॉर्वे म्हणजे गोवा नव्हे. पण लोकसंख्येने लहान असणे हा गोव्याचा फायदा आपण कधी वापरणार? पेडण्यापासून काणकोणपर्यंतचे अंतर एका दिवसात जाऊन येण्याचे आहे. १८४२ पासून इथे वैद्यकीय शिक्षण दिले जाते. घरोघरी एक ठरलेला डॉक्टर असण्याची, बाळंतपणापासून मर्तिकापर्यंत त्यालाच बोलावण्याची रीत आमच्या आईवडिलांच्या पिढीने पाहिलेली आहे.

सरकार काही करत नाही, असे मी म्हणणार नाही. २०१६ पासून दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेखाली तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला अडीच लाख आणि त्याहून मोठ्या कुटुंबाला चार लाखांपर्यंतचे संरक्षण मिळते. आमच्या घराला त्याचा आधार झाला आहे. राष्ट्रीय कार्यक्रमाखाली तीस वर्षांवरील लोकांची तोंडाची, स्तनाची आणि गर्भाशयमुखाची तपासणी करायची असते. ती कागदावर आहे तितकी प्रत्यक्षात झालेली नाही. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, गर्भाशयमुखाची तपासणी कधीतरी झालेल्या तीस ते एकोणपन्नास वयाच्या स्त्रिया देशभरात १.९ टक्के एवढ्याच भरल्या. ती वाढली पाहिजे यात वादच नाही. मुंबईच्या वस्त्यांत दीड लाखाहून अधिक स्त्रियांवर वीस वर्षे जो अभ्यास झाला, त्यात डॉक्टरही नसलेल्या, पण नीट शिकवलेल्या आरोग्य सेविकांनी ठरावीक काळाने हाताने स्तन तपासले, आणि पन्नाशीवरच्या बायकांत स्तनाच्या कर्करोगाचे मृत्यू जवळजवळ तीस टक्क्यांनी घटले. यंत्रे जरूर घ्यावीत, पण शिकवलेल्या हाताने एवढे होते, हे खरेदीच्या प्रस्तावावर सही करताना आठवावे.

मात्र त्या कार्यक्रमात अवयव तीनच आहेत. आतडे त्यात नाही. जठर, फुप्फुस, अंडाशय, मूत्रपिंड, रक्त, यांतले काहीच नाही. क्षयाच्या गोळ्या चालू असूनही वजन उतरत जाणारा माणूस, महिनाभर आवाज बसलेला गायक, पाळी गेल्यावर पुन्हा डाग दिसू लागलेली बाई, कपड्यांची मापे सैल होत असताना पोट मात्र फुगते म्हणून अपचनाचे औषध मागणारी शेजारीण, यांच्यासाठी कोणतेही शिबिर भरत नाही. त्यांच्यासाठी सरकारी यंत्रणा म्हणजे समोर बसलेला डॉक्टर आणि त्याच्या हातातला मागच्या खेपेचा कागद. तो कागदच नसेल तर उरते ती केवळ रुग्णाची स्मरणशक्ती, आणि आजारी माणूस आपल्या आजाराचा इतिहास सांगताना तारखा हमखास चुकवतो. हे मी मामलेदार कचेरीतल्या जबान्या लिहून घेतलेला माणूस म्हणून सांगतो.

इंग्लंडमध्ये २०२५ मध्ये एक साधा नियम आला. जेसिका ब्रॅडी नावाची सत्तावीस वर्षांची मुलगी वीसहून अधिक वेळा डॉक्टरांकडे दाद मागूनही वेळेत निदान न झाल्याने २०२० च्या अखेरीस कर्करोगाने गेली. तिच्या आईवडिलांनी पाठपुरावा केला आणि तिच्या नावाचा तो नियम झाला. एकच तक्रार घेऊन माणूस तिसऱ्यांदा आला, तर आधीचे निदान बाजूला ठेवून नव्याने विचार करायचा, एवढेच त्यात सांगितले आहे. याला यंत्र लागत नाही. आपल्या केस पेपरच्या वरच्या कोपऱ्यात "याच तक्रारीसाठी कितवी भेट" असा एक चौकोन छापला तर शाईखेरीज खर्च नाही. ताईच्या तिसऱ्या कागदावर तो चौकोन असता, तर पुढचे सहा कागद कदाचित लिहावेच लागले नसते.

आता त्या यादीविषयी. आमच्या मॅडमकडे एक लांबट, लाल पुठ्ठ्याची वही आहे. माझे नाव तिच्यात होते म्हणून मला ती ठाऊक; आतली बाकीची नावे मी पाहिलेली नाहीत आणि पाहूही नयेत. एखाद्या रुग्णाबद्दल मनात शंका आली की त्या तिच्यात नाव, तारीख, काय खटकले, कुठे पाठवले, हे एका ओळीत लिहितात, आणि निकाल कळेपर्यंत ती ओळ खोडत नाहीत. दर शनिवारी दुपारी त्या वही उघडतात आणि ज्यांचा निकाल आलेला नाही त्यांच्या घरी फोन करतात किंवा आरोग्य सेविकेला पाठवतात. मला असे दोन फोन आले होते. पहिल्याला मी चक्क खोटे बोललो, की पुढच्या आठवड्यात तारीख मिळाली आहे. दुसऱ्या फोनला बायकोने उचलून खरे ते सांगितले आणि मला मुकाट्याने जावे लागले. माणसे भीतीने अशी टाळाटाळ करतात. पाठवले म्हणजे काम झाले असे समजणाऱ्या डॉक्टरच्या हातून मीही सुटलोच असतो.

ही वही सरकारी नाही. तिचा नमुना नाही, क्रमांक नाही, ती साठा नोंदवहीत नाही. बदलीनंतर ती मॅडमच्या पिशवीतून जाईल किंवा कपाटात राहील, आणि कपाटात राहिली तरी तिचा अर्थ लावायला कोणी नसेल. केंद्रातल्या वजनकाट्याचा चार्ज सहीनिशी घेतला जाईल आणि काट्यावर दर महिन्याला किलोकिलोने हलका होत गेलेला माणूस मात्र नव्या डॉक्टरसमोर पुन्हा पहिल्यांदाच आलेला असेल. तेव्हा अशा वहीला खात्याने आपला नमुना द्यावा, प्रत्येक केंद्रात ती ठेवणे बंधनकारक करावे, आणि चार्ज देताना जाणाऱ्या व येणाऱ्या अधिकाऱ्याने समोरासमोर बसून तिच्यातल्या न खोडलेल्या ओळी वाचाव्यात व खाली दोघांनी सह्या कराव्यात. गुप्ततेची अडचण कोणी काढील. ती वही डॉक्टरने डॉक्टरलाच द्यायची आहे. आमच्याकडे तिजोरीची किल्ली अशीच जात असे.

याला जोडून आणखी एक गोष्ट मागतो. मला दुर्बिणीची तारीख लवकर मिळाली ती मॅडमनी आपल्या वर्गमित्राला फोन केला म्हणून. त्यांच्या पत्रावर ती मिळायला हवी होती. केंद्राच्या डॉक्टरने कर्करोगाची शंका लिहून सही केली, तर त्या कागदाला मोठ्या इस्पितळात ठरलेल्या मुदतीत तारीख मिळावी आणि तपासणीत काय निघाले, हे उलट टपाली त्याच डॉक्टरला कळवले जावे. काही निघाले नाही तरी कळवावे. आपली शंका खरी ठरली की खोटी हे ज्याला कधीच कळत नाही, त्याने पुढच्या वेळी शंका घ्यायची तरी कशाच्या जोरावर? आणि पडदे, तेवढे लावून घ्या. त्यासाठी धोरण लागत नाही.

तातडीची विनंती अशी. मॅडमना येत्या शुक्रवारी संध्याकाळी कार्यमुक्त केले जाणार आहे आणि नवे डॉक्टर सोमवारी सकाळी रुजू होणार आहेत. मध्ये शनिवार-रविवार असल्यामुळे दोघांची गाठच पडणार नाही. लाल वहीत आज सतरा ओळी न खोडलेल्या आहेत, असे मॅडमनी मला सांगितले. त्यांतली चार माणसे अजून तपासणीला गेलेलीच नाहीत. कार्यमुक्तीची तारीख शुक्रवारऐवजी सोमवार, कार्यालयीन वेळेनंतर, अशी करण्याबाबतचे शुद्धिपत्रक आपल्या कार्यालयातून गुरुवारपर्यंत निघावे.

आपला नम्र,
एक निवृत्त हेड क्लार्क,
फोंडा तालुका